मागणी एकच : बटण दिसलं पाहिजे

माझी आई नांदेडला आमच्या गल्लीत सांगते, की पोरगी लातूरला बटणं लावायच्या कामाला आहे. ते ऐकून समोरच्या काकूंनी मी सुट्टीवर आले असताना काकांचे शर्ट आणून दिले. मी बटणं लावून दिली. काकू म्हणाल्या, हात चांगला बसलाय. तेवढी शाबासकी मला लातूरच्या ऑफिसात मिळवायला फार भांडावं लागलं.

या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहा म्हटलं, तेव्हा मी विचारलं, की मी निवृत्त नाही, तिशी आत्ता कुठं लागली, माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार? ते म्हणाले, भांडणं झाली असतील ना. झाली. म्हणून लिहिते.

आधी धंदा सांगते. कम्प्युटरवर आपण जिथं लिहितो त्या पाटीला एडिटर म्हणतात. नुसतं लिहायचं नाही, तर अक्षर ठळक करायचं, तक्ता टाकायचा, आकृती चिकटवायची, अशी सगळी सोय असलेली पाटी. आमच्या एडिटरमध्ये पान ठोकळ्यांनी बनतं. परिच्छेद हा एक ठोकळा, प्रश्न हा एक ठोकळा, आकृती हा वेगळा ठोकळा. विटेवर वीट ठेवावी तसं पान उभं राहतं. वीट वर घ्यायची, खाली न्यायची, मध्ये नवी सरकवायची, नको ती काढायची, यासाठी जी बटणं लागतात ती मी बनवते. ऐकायला हे काम चिल्लर वाटतं. ते चुकलं की चांगला माणूस नालायक ठरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी लिहायला शिकले पत्रकांवर. नांदेडला कॉलेजात आमची विद्यार्थ्यांची छोटी संघटना होती. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. वसतिगृहाच्या डाळीत अळी निघाली, पत्रक. बसचा पास बंद झाला, पत्रक. लोह्याच्या बसस्टँडवर, हिमायतनगरच्या बाजारात, अर्धापूरला केळीच्या गाड्या भरतात तिथं उभं राहून मी ती वाटली आहेत. माझ्या पहिल्या पत्रकात मी समाजाच्या सगळ्या मागण्या एकदम घातल्या होत्या आणि पहिलं वाक्य अर्ध्या पानाचं होतं. लोह्याला एका माणसानं ते मन लावून वाचायला घेतलं, तेवढ्यात बस लागली, त्यानं त्याची पुडी केली आणि शेंगदाणे भरून घेतले. मी तिथंच उभी होते. त्या दिवसानंतर माझी पत्रकं बदलली. मागणी एक. क्रियापद पुढं. द्या. थांबवा. उघडा. आणि अक्षर एवढं मोठं, की चष्मा घरी राहिलेल्यालाही वाचता यावं. पुढं या कामात आल्यावर माझ्या लक्षात आलं, की बटण म्हणजे एका शब्दाचं पत्रकच असतं.

लातूरला आले ती नोकरीसाठी. हे गाव आता क्लासवर चालतं. सकाळी रस्त्यावर पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरांचे लोंढे, दुपारी मेसचे डबे, चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्यांचे हसरे फोटो. त्यातल्या एका मोठ्या क्लासनं वरच्या मजल्यावर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. क्लासच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांचा विचार असा, की सगळ्या शिक्षकांनी आपल्या नोट्स आणि चाचण्या आपल्याच एडिटरमध्ये करायच्या, म्हणजे लातूर-नांदेडच्या सगळ्या शाखांत एक पेपर एका वेळी जाईल. मला घेतलं शिक्षकांचे फोन घ्यायला. मुलाखतीत मोठ्या सरांनी विचारलं, अनुभव काय? मी म्हटलं, लोकांची तक्रार ऐकून एका पानात लिहिण्याचा. त्यांना ते गमतीचं वाटलं. पुढं त्यांना ते तितकंसं गमतीचं वाटलं नाही.

एडिटरचं रूप ओंकारनं बनवलं होतं. ओंकार मूळचा उदगीरचा, पुण्यात शिकून आलेला, हात अतिशय चांगला. त्याचं पान पांढरंशुभ्र, कुठं एक रेघ जास्त नाही. ठोकळा हलवायचा तर माउसचा बाण त्याच्या डाव्या कडेला न्यायचा. तिथं फिकट राखाडी रंगाचे सहा ठिपके उमटत. ते धरायचे आणि ओढायचे. बाण जरा बाजूला गेला, की ठिपके गुडूप. जगभर असंच असतं, ओंकार सांगायचा. पडदा स्वच्छ राहतो.

पडदा स्वच्छ राहत होता आणि माझा फोन दिवसभर वाजत होता.

त्यातला एक फोन सय्यद सरांचा. सय्यद सर रसायनशास्त्र शिकवत, काही दिवस नांदेडच्या शाखेत, काही दिवस लातूरला, आणि पेपर बनवत बसमध्ये बसून फोनवर. माझ्या लक्षात आलं, की ते प्रश्नांची जागा कधीच बदलत नाहीत. पहिला प्रश्न पाचव्या जागी हवा असेल तर पुसतात आणि तिथं पुन्हा अख्खा टाइप करतात, समीकरणासकट. मी विचारलं, सर, उचलून का नेत नाही?

ते म्हणाले, "बेटा, ते उचलायचं हाय म्हणतेत, पन आमाला दिलं न्हाई. आमी पार्ट टाइमवाले. परमनंटवाल्यांलाच असल."

मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच राग आला. फोनवर बोट असतं, बाण नसतो. बाण नाही म्हणून ठिपके उमटत नाहीत. हे तांत्रिक कारण झालं. पण त्या माणसाच्या मनात आलं काय? ही सोय माझ्यासाठी नाही. मला दिली नसणार. आणि त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही, कारण न दिलेल्या गोष्टींची सवय असते माणसाला. आमच्या घरात ही सवय फार जुनी. माझे आजोबा तहसीलमध्ये कुठल्या खिडकीशी उभं राहायचं हे कळेना म्हणून उन्हात उभे राहिलेले माणूस. खिडकीवर पाटी नव्हती. ज्यांना माहीत होतं, त्यांना पाटीची गरज नव्हती. मी ओंकारला जाऊन सांगितलं, की तुझे सहा ठिपके म्हणजे पाटी नसलेली खिडकी आहे. तो कानातला हेडफोन न काढता म्हणाला, "आल्या आपल्या आंदोलक."

फोनवर तरी काहीतरी करू, एवढं त्यानं कबूल केलं. केलं मात्र काही नाही, कारण त्याच्याकडे कामं तुंबलेली होती. त्याच सुमारास एक वनस्पतिशास्त्राच्या मॅडम नोकरी सोडून हिमायतनगरला परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, शिकवायचं कळतं मला, हे ठिपक्यांचं कळत नाही. पुढं जे झालं ते त्यांना दाखवायचं राहून गेलं, ते मनात आहे.

मग बिराजदार सरांचं प्रकरण झालं.

बिराजदार सर जीवशास्त्र शिकवत. निलंग्याकडचे, बोलण्यात मधूनच कानडी हेल. त्यांनी फळ्यावर काढलेलं हृदय बघायला दुसऱ्या बॅचची पोरं दारात उभी राहत. वर्षानुवर्षं रिपीटर बॅच त्यांच्याकडे होती. रिपीटर म्हणजे एकदा प्रवेश हुकलेली, वर्ष पणाला लावून परत बसलेली पोरं. क्लासमधली सगळ्यात हळवी बॅच तीच, आणि शिक्षकाचा मान ठरतो तो त्याच बॅचवरून.

सरांनी एका चाचणीचा पेपर एडिटरमध्ये केला. शेवटचा प्रश्न त्यांना पहिला हवा होता. त्यांनी कसेबसे ठिपके धरले, प्रश्न वर ओढला. प्रश्न गेला. त्याची आकृती जागेवरच राहिली, कारण आकृती हा वेगळा ठोकळा, आणि सरांची सवय आकृती प्रश्नाच्या वर ठेवायची. झालं असं, की हृदयाच्या प्रश्नाखाली कांद्याच्या मुळाचा छेद, मुळाच्या प्रश्नाखाली बेडूक, आणि पुढच्या सगळ्या आकृत्या एकेक घर सरकलेल्या. पेपर सगळ्या शाखांत गेला. पोरं गोंधळली, पालक खाली काउंटरवर आले. एक आजोबा बेडकाचं पान हातात धरून विचारत होते, की आमच्या नातीनं याचं काय करायचं?

मोठ्या सरांनी मीटिंग घेतली आणि शांतपणे सांगून टाकलं, की पुढच्या वर्षापासून ज्यांना आपला पेपर एडिटरमध्ये नीट करता येईल त्यांनाच रिपीटर बॅच. बिराजदारांनी अकरावीच्या रविवारच्या बॅचवर जावं, तिथं पेपर कमी असतात. सर खडूनं पांढरी झालेली बोटं रुमालाला पुसत राहिले. मीटिंगमध्ये माझी जागा पाणी ठेवतात त्या टेबलाजवळ होती. मी विचारलं, सर, चूक बिराजदार सरांची कशी? आकृती मागं राहिली हे पडद्यानं सांगितलं का त्यांना? मोठे सर म्हणाले, मॅडम, बाकीच्यांना जमतं ना?

बाकीच्यांना जमतं ना. हे वाक्य मी आयुष्यात एवढ्या वेळा ऐकलंय, की त्यावर मी आता बोलत नाही. मी लिहिते.

मी पत्रक काढलं. माझ्याच कंपनीच्या विरोधात, कंपनीच्याच प्रिंटरवर. वर ठळक अक्षरांत: बटण दिसलं पाहिजे. खाली एवढंच: जे शिक्षक बोर्डावर हृदय काढू शकतात, त्यांना प्रश्न वर नेता येत नाही, हे खरं वाटतं का? दोष हाताचा नाही, लपवलेल्या बटणाचा आहे. बटणावर नाव लिहा, ते कायम दिसू द्या. मागणी एकच. मी ते सगळ्यांच्या टेबलावर ठेवलं, चहाच्या मशीनवर चिकटवलं, आणि मोठ्या सरांच्या दारावर चिकटवायला टेप पुरली नाही म्हणून हातात दिलं.

त्यांनी उभ्यानं वाचलं. मग बिराजदार सरांना बोलावून घेतलं आणि आमच्या दोघांसमोर म्हणाले, "पुढच्या चाचणीचा पेपर बिराजदार माझ्यासमोर बसून करतील. जमला, तर बॅच त्यांची. नाही जमला, तर तुम्ही दोघं बसा पत्रकं काढत."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, तुमी भांडलाव, बरं वाटलं. पन आता माझं मरण तुमच्या हातात हाय की."

ते खरं होतं. पत्रकात मागणी लिहिणं सोपं असतं, मागणी मान्य झाली की पुढचं काम आपल्यावर येतं. बसचा पास मागणाऱ्यानं बस चालवायची नसते. इथं मला चालवायची होती.

ओंकार चिडलेला होता. त्याच्या नावानं पत्रक निघाल्यासारखं झालं होतं. पण त्या माणसाचं मोठेपण असं, की त्याचा राग कामात उतरला. तो म्हणाला, प्रत्येक ठोकळ्यावर शब्दांची पट्टी लावली तर पानाचा आठवडी बाजार होईल, प्रश्न शोधावा लागेल. मी म्हटलं, होऊ दे बाजार, बाजारात निदान माणसाला काय कुठं आहे ते कळतं. असं आमचं तुंबळ चाललं. शेवटी तोडगा त्याचाच निघाला. ठिपके काढायचे, पण पट्टी सगळीकडे नको. ज्या ठोकळ्यात माणूस लिहितोय, तेवढ्याच ठोकळ्याच्या डोक्यावर पट्टी, आणि ती बाणामागं पळणार नाही, जागेवर राहील. माउस असो, बोट असो. मी इतकी पत्रकं वाटली, पण वाचणारा जिथं उभा आहे तिथंच पाटी न्यावी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे डोकं त्याचं.

शब्द माझे. वर न्या. खाली न्या. खाली नवा. काढा. परत आणा. बाणाची चित्रं नकोत, कचऱ्याची टोपली नको, कारण ती टोपली बघून एका मॅडमना वाटलं होतं, की यात कच्चं काम ठेवायचं असतं. 'काढा' मुद्दाम बाकीच्यांपासून लांब ठेवलं, बोट चुकून पडू नये म्हणून, आणि काढल्याबरोबर त्याच जागी 'परत आणा' दिसेल असं केलं. भीती त्या एका शब्दानं जाते. चूक परत आणता येते हे कळलं, की माणूस हात लावायला धजतो. सय्यद सरांना नांदेडच्या बसमधून फोनवर बघायला सांगितलं. त्यांचा फोन आला, आवाजात खुशी होती. म्हणाले, आमालाबी दिलं का? मी म्हटलं, सर, तुमचंच होतं ते. ते म्हणाले, मग लपवलं कशाला होतं? मी फोन ओंकारकडे दिला.

आता बिराजदार सर. त्यांना शेजारी बसवून मी म्हटलं, शेवटचा प्रश्न पहिला करा. त्यांनी पट्टी वाचली, 'वर न्या' दाबलं, दाबत राहिले. प्रश्न पायरी पायरीनं वर गेला. सर खूश. मग खाली बघितलं. आकृती खालीच.

बटण आता दिसत होतं, नाव होतं, मागणी मान्य झाली होती, आणि हृदयाखाली पुन्हा कांदाच येणार होता.

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "हे आमच्या गावासारकं झालं की. प्रश्न एका गल्लीत, आकृती दुसऱ्या गल्लीत."

मी विचारलं, म्हणजे? तेव्हा त्यांनी सांगितलं. भूकंप झाला तेव्हा सर कॉलेजात होते, मी जन्मलेही नव्हते. गाव दगडामातीचं, सगळं खाली आलं, त्यांचे वडील त्यात गेले. पुढं नवं गाव वसलं, लांब, मोकळ्या माळावर, सरळ रेषेत आखलेलं. जमीन जास्त त्यांना मोठं घर, जमीन कमी त्यांना लहान, भूमिहीनांना सगळ्यात लहान, आणि प्रत्येक मापाच्या घरांच्या रांगा वेगळ्या. सरांची आई, म्हणजे त्यांची अव्वा, आणि तिची शेजारीण गंगव्वा यांच्या घरांना जुन्या गावात एकच भिंत होती, भिंतीत कोनाडा आरपार होता, त्यातून आमटी इकडून तिकडं जायची. नव्या गावात सरांच्या आईला मोठं घर मिळालं या टोकाला. गंगव्वाला जमीन नव्हती, तिचं घर त्या टोकाला.

सर म्हणाले, "घरं चांगली व्हती, खोटं कशाला बोला. पन घर हालवलं तवा त्याच्यासंगं काय काय हालायला पायजे, ते कुनी इचारलं न्हाई. आमच्या अव्वानं वर्षभर दम काडला. मग गंगव्वाच्या बाजूच्या मानसाशी अदलाबदल केली. आमचं मोठं घर त्याला, त्याचं लहान अव्वाला. लोक म्हनले, म्हातारी येडी झाली. अव्वा म्हनली, भिंती कुटं बी मिळतेत, शेजार न्हाई."

ओंकारनं कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता. तो हळूच म्हणाला, सर, पण कम्प्युटरला कसं कळणार कोण कुणाचं? वरच्याचं आहे का खालच्याचं?

सर म्हणाले, "तेबी इचारायचंच ना. आमाला इचारलं असतं तर आमी सांगितलं असतं."

तिथं काम सुटलं. अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. आकृती टाकली, की तिच्या पट्टीवर प्रश्न येतो: ही कुणाची? वरच्या प्रश्नाची, खालच्या प्रश्नाची, कुणाचीच नाही. एकदा उत्तर दिलं, की प्रश्न, त्याचे पर्याय, आकृती आणि उत्तराचं स्पष्टीकरण एका रंगाच्या उभ्या रेघेनं बांधली जातात. 'वर न्या' म्हटलं, की हलण्याआधीच ती रेघ उजळते, म्हणजे काय काय सोबत जाणार ते आधी दिसतं. मग सगळं मिळून जातं. ओंकारला याला 'गट' म्हणायचं होतं. सर म्हणाले, गट नको, गट म्हटलं की निवडणूक आठवते. मी 'जोडी' म्हटलं, पण आत तिघं-चौघं असतात. नाव शेवटी सरांच्या तोंडचंच पडलं. पट्टीवर लिहिलं: शेजार ठरवा.

मला या शब्दाचा गर्व आहे, तो मी लपवत नाही. लपवणं मला पटत नाही, हे आतापर्यंत कळलं असेल.

चाचणीचा दिवस आला. मोठ्या सरांच्या केबिनमध्ये बिराजदार सर कम्प्युटरसमोर, मी आणि ओंकार भिंतीला टेकून. सरांनी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं, पेपर द्यायला आल्यासारखं. मोठ्या सरांनी दयामाया दाखवली नाही. शेवटचा प्रश्न पहिला करा. केला, आकृती सोबत गेली. मधले दोन काढा. काढले. आता त्यातला एक परत पाहिजे. सरांनी 'परत आणा' दाबलं, प्रश्न आपल्या आकृतीसकट पूर्वीच्या जागी आला. मुळाचा प्रश्न हृदयाच्या आधी घ्या. घेतला. सरांचा हात फळ्यावर चालावा तसा चाललेला.

मोठ्या सरांना पटेना. म्हणाले, सरका, मी बघतो. स्वतः बसले. बाण घेऊन डाव्या कडेला गेले, सवयीनं. तिथं ठिपके शोधत इकडून तिकडं माउस फिरवत राहिले. आम्ही इतके महिने शिक्षकांचं जे बघत होतो, तेच आता मालकांचं बघत होतो.

बिराजदार सर खाली वाकून, वर्गातल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "सर, तितं काय बी न्हाई. हे वाचा की."

मोठ्या सरांनी वाचलं. वर न्या. दाबलं. हृदय आपलं चित्र घेऊन वर गेलं. त्यांनी आणखी एकदा दाबलं, गरज नसताना. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाले, "बॅच तुमची. वेळापत्रक खाली घ्या." माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि मॅडम, ते चहाच्या मशीनवरचं काढा आता."

मी ते काढलं नाही. ओंकारनंही काढलं नाही. उलट सुटलेलं टोक त्यानंच नव्या टेपनं चिकटवलं.

फोन घेण्याचं काम माझ्याकडून काढून मला बटणांचं काम दिलं, ते अजून करते. आता आमचा एडिटर दुसऱ्या गावांतल्या शाळाही वापरतात. नवी पोरं-पोरी कामाला येतात, सुंदर, मुकी, फिकट चित्रं बनवून आणतात. मी त्यांना एकच विचारते, की हे बघून कुणाला वाटेल का, मला दिलेलं नाही? वाटणार असेल तर परत करून आणा. ती मला मागं काहीतरी नाव ठेवतात. ठेवू देत.

रिपीटर बॅच सुरू झाल्यावर काही दिवसांनी बिराजदार सर जिना चढून वर आले. धापा टाकत होते. हातात एक कागद, घडी घातलेला. मला वाटलं, कशाचं तरी आमंत्रण असेल. ते म्हणाले, "पोरी, हे तुझ्या पद्धतीनं लिवलंय. बग, बसलंय का."

उघडून बघितलं. फळ्यावरचं ते वळणदार अक्षर, एवढं मोठं, की दारातून वाचता यावं. वर लिहिलं होतं: काढण्याआधी शेजाऱ्याला विचारा. खाली: कधी कधी एका आकृतीवर दोन प्रश्न असतात. एक प्रश्न काढला, की आकृती त्याच्यासोबत जाते आणि दुसरा प्रश्न उघडा पडतो. परवा माझा पडला. आकृती अजून कुणाची आहे ते आधी सांगा, मग काढा. मागणी एकच. आणि सहीच्या जागी: बिराजदार, रिपीटर बॅच.

मी ते दोनदा वाचलं. एक शब्द जास्तीचा नव्हता. चूक आमची होती, सरळ आमची, आणि ती सांगायला हा माणूस आता रुमालाला बोटं पुसत बसला नव्हता, जिना चढून आला होता.

मी म्हटलं, सर, मागणी मान्य.

ते म्हणाले, "तोंडी नको. कदी करताव ते सांग."

ओंकार लगेच कामाला बसला. मी सरांचं पत्रक चहाच्या मशीनवर नेलं आणि माझं थोडं सरकवून त्याच्या बाजूला लावलं.